हेडगुरुजी वर्गात बसतात तेव्हा



ऊस विकास खात्याच्या माणसानं शाळेवर लिहावं हे काहींना चमत्कारिक वाटेल. "बेण्याचं सांगा, हुमणीचं सांगा, ही नसती उठाठेव कशाला?" असं कुणी म्हणालं तर त्यांचंही चुकत नाही. पण गेल्या दोन-तीन हंगामांत आमच्या गटात हिंडताना जे पाहण्यात आलं, ते आपल्या कानावर घातल्यावाचून राहवत नाही, म्हणून या अंकातली आमची नेहमीची जागा आम्ही या विषयाला देत आहोत. खोडव्याची माहिती पुढच्या अंकी देऊ.

हंगाम ऐन भरात होता. एका वाडीवरच्या वस्तीवर आम्ही चहाला टेकलो होतो. त्या सभासदांच्या उसाच्या काट्याची पावती नुकतीच आली होती आणि आजोबांना चष्मा सापडेना. नातू जवळच खेळत होता, पाचवीतला. "वाच की रं बाळा," म्हणून त्यांनी पावती त्याच्या हातात दिली. पोरगं 'वजन' वाचून गेलं, पण 'निव्वळ' या शब्दाशी अडखळलं ते पुढं सरकेचना. भरलेलं वाहन 28,460 किलो, रिकामं 8,915 किलो. वजा करून किती राहतात, हे विचारल्यावर तर तो आईच्या पदराआड गेला. आजोबा हसले, "शाळेत जातंय म्हणायचं, झालं." आम्हीही हसलो. उठताना मात्र मनात आलं, की हा पोरगा उद्या सभासद होणार. याच्या नावावर शेअर चढणार, याच्या उसाचं वजन होणार, आणि त्या पावतीवर काय लिहिलंय हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागणार.

पुढं जूनमध्ये, त्याच फाट्यावरच्या दुसऱ्या एका वाडीत हुमणीच्या बंदोबस्ताची पत्रकं वाटत होतो. एका घरी म्हातारी एकटीच होती आणि सोबत चौथीत गेलेली नात. नातीनं पत्रक घेतलं आणि उंबऱ्यावर बसून आजीला वाचून दाखवलं. पहिल्या पावसानंतर भुंगेरे कडुनिंब, बाभळीवर पाला खायला जमतात, संध्याकाळी फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, असं सगळं न अडखळता. वाचून झाल्यावर आम्हाला म्हणते, "पण साहेब, एकट्या आमच्याच बाभळीचे भुंगेरे धरून काय होणार? शेजारच्यांनी नाही धरले तर?" हा प्रश्न आम्ही गटसभेत मोठ्या माणसांकडून ऐकायला तरसतो!

दोन्ही वाड्यांत अंतर चार किलोमीटर. पाणी एकाच फाट्याचं, माणसं एकाच भावकीची म्हणावी अशी, दोन्हीकडं जिल्हा परिषदेची शाळा, पट सत्तर-पंच्याहत्तरच्या आसपास, शिक्षक तीन-तीन. उलट पहिल्या वाडीची शाळा दिसायला भारी. सभासदांनी वर्गणी काढून कमान बांधली, भिंतींवर चित्रं काढून घेतली. दुसरीचं छप्पर अजून कौलारू आहे, पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागते. एकाच जमिनीत, एकाच बेण्यात एवढा फरक पडला, तर आम्ही शेतकी खात्याची माणसं काय विचारू? मशागत कुणाची? तेच इथं विचारलं.

दुसऱ्या शाळेचे हेडगुरुजी आम्हाला आधीपासून ठाऊक होते आणि खरं सांगायचं तर आमचा त्यांच्यावर थोडा रागच होता. त्याचं असं झालं. एका वर्षी कारखान्याच्या वतीनं वह्यावाटप होतं. संचालक मंडळातली दोन माणसं घेऊन आम्ही सकाळी साडेदहाला शाळेच्या दारात उभे. गुरुजी बाहेर आले, नमस्कार केला, चहा मागवला आणि म्हणाले, "साहेब, वह्या मधल्या सुट्टीत देऊ या का? आता पोरं वाचायला बसलीत." संचालकांच्या समोर आमची काय अवस्था झाली असेल! दीड तास आम्ही वडाच्या पारावर बसून काढला. एक संचालक तर "मास्तर फार शहाणा दिसतोय" असं म्हणून पुढच्या शाळेकडं निघून गेले. तो दीड तास गुरुजींनी कशासाठी राखला होता, हे उंबऱ्यावर बसून पत्रक वाचणाऱ्या त्या पोरीनं आम्हाला दाखवलं.

मग आम्ही मुद्दाम दोन-तीन वेळा त्या शाळेत गेलो, अर्थात मधल्या सुट्टीत. गुरुजींची रीत पाहिली. परिपाठ घड्याळ लावून पंधरा मिनिटं. त्यानंतरचा पहिला तास सगळ्या शाळेत वाचनाचा, आणि दुसरीचा वर्ग हेडगुरुजींनी स्वतःकडं घेतलेला. कारण विचारलं तर म्हणाले, "दुसरीत जोडाक्षर अडलं की पोरगं पाचवीपर्यंत अडलेलंच राहतं. अवघड वर्ग आपण नाही घ्यायचा, तर कुणी घ्यायचा?" माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, वरून आलेले तक्ते, हे सगळं शाळा सुटल्यावर.

आठवड्यातून एकदा ते प्रत्येक सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बस्करावर पोरांच्यात मांडी घालून बसत, अख्खा तास. पोरांच्या देखत एक शब्द बोलायचा नाही. संध्याकाळी मात्र त्या शिक्षकाबरोबर दहा मिनिटं, आणि त्यात एकच प्रश्न, "आज कुणाला समजलं नाही, आणि ते आपल्याला केव्हा कळलं?" तिथल्या बाई नव्यानं लागलेल्या होत्या. त्या सांगत होत्या, की पहिल्या महिन्यात हेडगुरुजी मागं येऊन बसले की हात कापायचे. मग एक दिवस गुरुजींनी त्यांनाच आपल्या वर्गात बोलावलं. चौथीचा अपूर्णांकाचा पाठ होता आणि तो साफ फसला. संध्याकाळी गुरुजी स्वतःच म्हणाले, "बाई, आज माझं काही जमलं नाही. उद्या तुम्ही घेऊन बघा." बाईंनी भाकरी आणून तिचे तुकडे करून पाठ घेतला आणि पोरांना समजलं. "त्या दिवसापासून भीती गेली," असं बाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिघं जण तासभर पोरांच्या वह्या पुढ्यात घेऊन बसत. अमुकला शब्द येतात, वाक्य येत नाही. तमुकला हातच्याची वजाबाकी येत नाही. नाव घेऊन बोलायचं, आणि कुठलं पोर कुणी हाती धरायचं हे ठरवूनच उठायचं. पुढच्या शनिवारी पहिला प्रश्न तोच. आमच्या गटकार्यालयात आम्ही प्लॉटवार नोंद ठेवतो तशी ही पोरवार नोंद. गुरुजींकडं जाडजूड फाईल नव्हती, शंभरपानी एकच वही होती.

हे आम्ही एका शाळेवरून बोलतो आहोत असं कुणाला वाटू नये, म्हणून थोडं वाचनही केलं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या व्हिवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली देशोदेशीचे अभ्यास एकत्र करून एक मोजदाद केली. मुख्याध्यापक जी कामं करतात त्यांतल्या कुठल्या कामाचा पोरांच्या शिकण्यावर किती परिणाम दिसतो, असा प्रश्न होता. शिस्त, सामानसुमान, ध्येयं ठरवणं, शिकवण्याची आखणी आणि तपासणी, अशी पाच कामं त्यांनी धरली. त्यांत सगळ्यांत वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकानं स्वतः सामील होणं. नुसतं प्रशिक्षणाला धाडणं नव्हे, बरोबरीनं बसून शिकणं. त्याचा परिणाम दुसऱ्या क्रमांकाच्या कामांच्या दुप्पट निघाला. बाईंना आपल्या फसलेल्या पाठाला बोलावणाऱ्या आमच्या गुरुजींनी हे वाचलं असेल असं वाटत नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, फ्लोरिडाच्या मायामी-डेड भागातला. 2013 साली तो प्रसिद्ध झाला. सुमारे 100 मुख्याध्यापकांच्या मागं निरीक्षक दिवस-दिवस हिंडले, तीन शालेय वर्षं. मुख्याध्यापकांचा शिकवण्याशी निगडित कामात जाणारा वेळ निघाला जेमतेम आठवा हिस्सा. त्यातही मोठा वाटा वर्गावर्गांतून मारलेल्या झटपट फेऱ्यांचा. आणि गंमत अशी, की जिथं अशा फेऱ्या जास्त, तिथं पोरांची प्रगती वाढलेली दिसली नाही, उलट कमीच दिसली. जिथं शिक्षकाबरोबर बसून त्याला हाताशी धरून शिकवण्यात वेळ गेला, तिथं प्रगती दिसली. हे वाचून आम्हाला आमचीच आठवण झाली. बांधावरून गाडी फिरवायची, काच खाली करून "ऊस बरा दिसतोय" म्हणायचं आणि पुढं जायचं, ही पाहणी आम्हीही वर्षानुवर्षं केली आहे. पाचट जाळू नका, कुजवा, हे किती पत्रकांतून सांगितलं. काडी लागायची ती लागलीच. ज्या प्लॉटमध्ये आमचा माणूस सरीत उतरला, सभासदाबरोबर पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू स्वतःच्या हातानं टाकले, तिथलंच पाचट राहिलं, आणि त्याचं पाहून शेजाऱ्याचं.

आता फरक किती पडतो? अमेरिकेतच 2021 साली जेसन ग्रिसम आणि सहकाऱ्यांनी 22,000 हून अधिक मुख्याध्यापकांची माहिती असलेले सहा अभ्यास पाहून हिशेब मांडला. मुख्याध्यापकांची गुणवत्तेप्रमाणे रांग लावली, खालून पाव अंतरावरचा काढून त्याच्या जागी वरून पाव अंतरावरचा दिला, तर त्या शाळेतलं पोर वर्षाला गणितात सुमारे 2.9 महिन्यांचं आणि वाचनात 2.7 महिन्यांचं शिक्षण जास्त पदरात पाडून घेतं. वर्गातला चांगला शिक्षक आपल्या वर्गापुरता याहूनही जास्त करतो, यात शंका नाही. पण हेडगुरुजींचा परिणाम एका वर्गाचा नाही, सगळ्या शाळेचा असतो.

परदेशातलं राहू द्या, आपल्या शेजारचं ऐका. मध्य प्रदेशात सरकारनं शाळासुधारणेचा एक कार्यक्रम घेतला. प्रत्येक शाळेची तपासणी करायची, गुण द्यायचे आणि शाळेनं स्वतःची सुधारणा-योजना लिहून काढायची. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी 1,774 शाळा घेऊन त्याची पारख केली आणि 2020 साली निष्कर्ष मांडले. तपासण्या झाल्या, योजना लिहून झाल्या, कागद जवळजवळ शंभर टक्के पुरे. शिक्षकांच्या हजेरीत फरक नाही, शिकवण्यात नाही, पोरांच्या वाचनात नाही, गणितात नाही. तरी कागद पूर्ण झाले म्हणून कार्यक्रम यशस्वी ठरला आणि त्याच धर्तीवर देशभरातल्या सहा लाखांवर शाळांपर्यंत गेला. आपल्याकडं 'शाळासिद्धी' म्हणून शिक्षकांनी जे तक्ते भरले, ते त्याच घराण्यातले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यात आम्ही हेडगुरुजींना दोष देत नाही. त्यांची अडचण समजून घेतली पाहिजे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो पट 150 च्या वर गेला तर. आपल्या कार्यक्षेत्रातल्या वाड्यांवर एवढा पट कुठला? म्हणजे ज्यांना आपण हेडगुरुजी म्हणतो ते खरं तर तिघांतले एक शिक्षक, दोन वर्ग सांभाळून वर कारभार. माध्यमिकला खासगी अनुदानित संस्थेत 1981 च्या नियमांप्रमाणे सेवाज्येष्ठतेनं मुख्याध्यापक होतो. पंचवीस वर्षं उत्तम भूगोल शिकवला, म्हणून दुसऱ्याचा गणिताचा तास कसा पाहावा हे आपोआप येत नाही, आणि ते कुणी शिकवलेलंही नसतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं मुख्याध्यापकांसाठी वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. त्यातले किती तास वर्गाच्या मागच्या बस्करावर बसण्याचे असतील, यावर सगळं अवलंबून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, आणि 1935 साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षक घडवण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केलं. खेड्यापाड्यांतून शाळा काढायच्या तर आधी शिकवणारा तयार पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आमच्या भागातली कितीतरी घरं त्यावर उभी राहिली, आमचंही त्यातलंच.

आता त्या कौलारू शाळेचं पुढं काय झालं ते सांगतो, कारण सगळंच गोड झालं नाही. बदल्यांच्या वेळी गुरुजींची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. नवे हेडगुरुजी चांगले, पण त्यांच्या डोक्यावर कागदांचा भारा. महिन्या-दोन महिन्यांत सकाळचा वाचनाचा तास पातळ झाला. कधी ऑनलाइन माहिती, कधी बैठक, कधी पाहुणे. शनिवारची बैठक मात्र टिकली, कारण ती बाईंनी आणि दुसऱ्या गुरुजींनी आपली मानली होती. वही आता बाईंकडं असते. सकाळचा तास कसा परत आला, तर शाळा व्यवस्थापन समितीमुळे. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश माणसं पालक लागतात आणि निम्म्या स्त्रिया. त्या वाडीतल्या समितीच्या अध्यक्ष आपल्याच कारखान्याच्या सभासद आहेत. त्यांनी बैठकीत कमानीचा, रंगाचा विषय घेतला नाही. विचारलं एवढंच, "गुरुजी, दुसरीतली किती पोरं आता जोडाक्षरं वाचतात? मागच्या महिन्यात किती वाचत होती?" नव्या गुरुजींना राग आला नाही. ते म्हणाले, "ताई, आजवर मला हे कुणी विचारलंच नाही. सगळे विचारतात, माहिती गेली का." मग समितीनंच ठरवलं, की साडेअकराच्या आत कुणीही पाहुणा, पुढारी वा देणगीदार शाळेत जाणार नाही. त्यात कारखान्याची माणसंही आली, आणि ते योग्यच झालं.

पहिल्या वाडीची कमान अजून उभी आहे. तिथले सभासद भेटले की आम्हाला म्हणतात, "पट कमी होतोय, पोरं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत चाललीत, कारखान्यानं एखादी खोली बांधून द्यावी." आम्ही त्यांना या कौलारू शाळेत एक शनिवार बसून यायला सांगितलं. दोघं जण जाऊन आले आहेत. त्यांच्याही हेडगुरुजींना सोबत न्यायचं घाटत आहे, पाहू.

'असर'चा 2024 चा अहवाल सांगतो, की देशातल्या ग्रामीण भागात सरकारी शाळांच्या पाचवीतली 44.8 टक्के पोरं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. 2022 साली ती 38.5 टक्के होती. सुधारणा आहे, पण निम्म्याहून जास्त पोरं अजून त्या 'निव्वळ' शब्दाशीच थांबलेली आहेत.

एक बाब शेवटी, आणि ती थेट आमच्या खात्याची. हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात, कोप्या पडतात आणि कोयत्याबरोबर पोरंही येतात. काहींची सोय गावाकडं हंगामी वसतिगृहात होते, पुष्कळांची होत नाही. आमच्या त्या गुरुजींनी एका नोव्हेंबरात आमच्याकडं येऊन विचारलं होतं, "साहेब, कुठल्या प्लॉटजवळ कुठली टोळी उतरली, हे तुमच्या स्लिप बॉयला माहीत असतं. पोरं किती, तेवढं सांगता का?" आम्ही यादी दिली आणि ते सायकलवर कोप्यांवर गेले. अकरा पोरं आणली. दाखले नव्हते. कायद्याप्रमाणे दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो, आणि आधीच्या शाळेनं दाखला देण्यात दिरंगाई केली तर तिथल्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. गुरुजींना हे कलमासकट पाठ होतं. पोरांना त्यांनी वेगळं बसवलं नाही. मार्चअखेर टोळी निघाली तेव्हा प्रत्येकाच्या हातात दाखला आणि त्याला काय येतं, काय येत नाही, याची अर्धं पान चिठ्ठी दिली, पुढच्या गुरुजींसाठी.

येत्या हंगामापासून आमच्या गटातले स्लिप बॉय टोळीची नोंद करताना पोरांची संख्या आणि वयही लिहितील, आणि ती यादी दर सोमवारी जवळच्या शाळेच्या हेडगुरुजींना पोचेल. ज्या सभासदांच्या रानात वा वस्तीजवळ कोप्या पडतील, त्यांनी पोरं किती ते तोडणी चिठ्ठीच्या वेळीच स्लिप बॉयला सांगावं, ही विनंती.